पंचाहत्तरीचं मेक्सिकन जेवण

बाबा मेक्सिकोला गेले तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता, आणि हा माझ्यावर झालेला अन्याय आहे असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

बाबा शेतकी खात्यात गव्हाच्या वाणांवर काम करायचे. साठच्या दशकात बुटक्या गव्हाची लागवड शिकायला आपल्याकडून काही तरुण माणसं मेक्सिकोला पाठवली होती, त्यांत ते होते. उत्तरेकडच्या एका गावात ते वर्षभर राहिले. आई नाशिकला सासरी, आणि तिच्या कडेवर माझी थोरली बहीण, ताई. परत येताना बाबांनी ताईसाठी कापडी बाहुली आणली. काळ्या दोऱ्यांच्या दोन वेण्या, लाल घेरदार झगा. मला कळायला लागलं तोवर बाहुलीचा एक हात उसवला होता, म्हणून ती काचेच्या कपाटात गेली होती आणि तिला हात लावायचा नाही असा नियम झाला होता. नियम माझ्यासाठी होता. ताईचं तिच्यावरचं मन केव्हाच उडालं होतं, पण मालकी तिचीच होती.

बाहुलीपेक्षाही मला सलायच्या त्या गोष्टी. बाबा तसे अबोल. पण कधीतरी, हिवाळ्यात अंगणात ओंब्या भाजत बसलो की ते मेक्सिकोचं काहीबाही सांगायचे, आणि सुरुवात कायम ताईकडे बघून व्हायची. "तू एवढीशी होतीस तेव्हा..." मग क्षितिजापर्यंत गेलेली गव्हाची शेतं, दुपारी दारं लावून झोपणारं गाव, आणि ज्या घरात ते भाड्यानं राहायचे तिथली विधवा मालकीण. ती मूळची दक्षिणेकडची. सणाला ती वाळक्या मिरच्या, तीळ, दालचिनी आणि चक्क चॉकलेट घालून एक काळा दाट रस्सा करायची, त्याला मोले म्हणतात. मिरच्या भाजताना अख्खं घर शिंकायचं. आमटीत चॉकलेट म्हटल्यावर आम्ही दोघी खिदळायचो. "आणि तुम्ही काय खायचात?" असं ताईनं विचारलं की बाबा म्हणायचे, घेवड्याच्या उसळी आणि मक्याच्या भाकरी. आईला त्या वेळी नेमकं आत काहीतरी काम आठवायचं. मी बाजूला बसून ऐकायचे. गोष्ट मला ऐकू यायची, पण मला सांगितलेली नसायची.

पुढे ताई लग्न होऊन अमेरिकेत गेली, न्यू जर्सीत. देशी दुकानांनी भरलेल्या आयसेलिनपासून गाडीनं थोड्याच अंतरावर तिचं घर. औषधांच्या कंपनीत मोठी नोकरी. तिच्यामागून बऱ्याच वर्षांनी आम्ही आलो, नवऱ्याच्या कामामुळे टेक्ससमध्ये फ्रिस्कोला. कालांतराने मलाही तिथेच सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मिळाली. आईबाबा आले की आधी ताईकडे उतरायचे. तिथून माझ्याकडे यायचे तेव्हा त्यांच्या बोलण्यात ताईकडचं सगळं असायचं. ताईकडे भाजी कशी ताजी मिळते, ताईकडच्या त्या दुकानांच्या रस्त्यावर साडीला फॉल लावून मिळतो. आमच्या फ्रिस्कोत तेव्हा नवे रस्ते आणि रिकामे प्लॉट. मी आईला ते प्लॉट दाखवत असे आणि इथे काय काय होणार आहे ते सांगत असे.

२००७ च्या उन्हाळ्यात मात्र बाबांची पंचाहत्तरी माझ्याकडे असताना येत होती. ऑगस्टमध्ये. मला मनातून फार आनंद झाला. ताई वीकेंडला एकटीच विमानानं येणार होती, म्हणजे ह्या वेळी पाहुणी ती आणि घरची मी. मी तेव्हाच ठरवलं की बाबांना मेक्सिकन जेवायला न्यायचं, पण चांगल्या, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या ठिकाणी. ज्या मेक्सिकोत मला कधी जागा नव्हती ते मी त्यांना टेबलावर आणून देणार होते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला एवढंच सांगितलं की बाबांना आवडेल.

नवरा म्हणाला, "मग आपलं कोपऱ्यावरचं काय वाईट आहे, यार? चिप्स तर फुकट देतात."

कोपऱ्यावरच्या त्या ठिकाणी आम्ही बाबांना आल्या आल्याच नेलं होतं. भिंतीवर मोठ्या टोप्या, पिवळ्या चीजखाली बुडालेली ताटं, आणि कुणाचा वाढदिवस असला की वेटर मंडळी टाळ्या वाजवत येऊन त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात. बाबांनी सगळं निमूट खाल्लं होतं. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाले होते, "चांगलं होतं. पण हे मेक्सिको नव्हे."

तर शोध सुरू झाला. मी लंच अवरमध्ये रेस्टॉरंटांच्या वेबसाइट बघायचे, लोकांचे रिव्ह्यू वाचायचे, फोन करून विचारायचे. पहिला प्रश्न शाकाहाराचा. आई अंडंसुद्धा न खाणारी, बाबाही शाकाहारी. आणि तिथल्या स्वयंपाकात मांस कुठे लपलेलं असेल सांगता येत नाही. घेवड्यात डुकराची चरबी, भातात कोंबडीचं पाणी. एका ठिकाणच्या माणसानं मला फोनवर सांगितलं की आमचं सॅलड व्हेजिटेरियन आहे, वरचं बेकन काढलं की झालं.

शेवटी माझ्या टीममधल्या एका सहकारिणीनं मार्ग काढला. ती मेक्सिकोतली, पुएब्लाची. माझा शोध ऐकून तिनं आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली की डॅलसमध्ये नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत एक घर आहे, तिथे एक बाई जेवण देते, तिथे चल. आम्ही एका शुक्रवारी दुपारी गेलो. खरंच जुनं लाकडी घर, आत मोजकी टेबलं, मंद दिवे, कडक इस्त्रीचे नॅपकिन. मोले आलं तेव्हा मी फक्त वास घेतला, पहिला घास मला बाबांबरोबर घ्यायचा होता. माझ्या सहकारिणीनं खाल्लं, आणि खाताना तिनं बोलणं थांबवलं, तेव्हाच मला कळलं की ठिकाण सापडलं. ती शेफ बाई बाहेर येऊन आमच्याशी बोलली. आगाऊ सांगितलंत तर मोले कोंबडीच्या पाण्याशिवाय करीन, घेवडाही तेलात करीन, पण चव थोडी बदलेल, असं तिनं बजावलं. मी म्हटलं चालेल. तिथेच पुढच्या आठवड्यातल्या शनिवारचं टेबल बुक केलं आणि हायवेवरून परत येताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. फोन नेहमीप्रमाणे आधी बाबांकडे गेला. बाबा कॉर्डलेस घेऊन मागच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. ताईशी बोलताना ते नेहमी असं करायचे. माझ्याशी भारतातून फोनवर बोलायचे तेव्हा "बरी आहेस ना? घे, आईशी बोल" एवढंच. मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते. लोटलेल्या दाराआडून बाबांचं हसू ऐकू आलं. माझ्या घरात, माझ्या फोनवर ते दुसऱ्या कुणासाठी हसत होते.

मग फोन माझ्याकडे आला आणि ताईनं सांगितलं की तिनं रेस्टॉरंट शोधलंय.

मी काही बोलायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. विमानातल्या मासिकात तिनं वाचलं होतं. डॅलसच्या डाउनटाउनला, उंच काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, मॉडर्न मेक्सिकन, खाली सगळं शहर दिसतं. बुकिंगही करून झालं होतं. "बाबांना मेक्सिकन आवडेल असं माझ्या मनात आलं," ती म्हणाली.

मी म्हटलं की मीही बुकिंग केलंय. मेक्सिकनच. ताई गोड आवाजात म्हणाली की अरे वा, ग्रेट, मग तुझं कॅन्सल कर. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ताईला सवयच नव्हती की तिचं आणि माझं एकाच वेळी असेल आणि माझं ठरेल.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या त्या उंच रेस्टॉरंटला फोन केला. शाकाहारी लोकांसाठी काय आहे विचारलं. उत्तर आलं, ग्रिल्ड व्हेजिटेबल्सची प्लेट. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीला दोनदा थँक यू म्हटलं. लगेच ताईला कळवलं. ती सहज म्हणाली, "आईचं बघावं लागेल. बाबांचं काय, बाबांना चालेल तिथलं."

बाबांना कसं चालेल, हे मी तिला विचारलं नाही. मला वाटलं तिला म्हणायचंय की बाबा कुरकुर करत नाहीत. ते खरंच होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही ठरवा. मग आईनंच निकाल दिला. भाजी निवडता निवडता म्हणाली की माझ्या ताटात काहीतरी पडेल अशा ठिकाणी चला. ताईनं कुरकुर न करता तिचं बुकिंग कॅन्सल केलं. तिच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग आला. भांडून जिंकायची माझी तयारी झाली होती.

शनिवारी ताई आली. येताना आईसाठी साडी, बाबांसाठी लिननचा शर्ट, माझ्या मुलीसाठी पुस्तकं. मुलगी दिवसभर मावशीच्या मागे मागे. मी टेबलाच्या बुकिंगची फोनवरून तिसऱ्यांदा खात्री करत होते तेव्हा ती म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट डिनर."

संध्याकाळी निघालो तेव्हा ऊन अजून डोळ्यांवर येत होतं. बाबांनी ताईनं आणलेला शर्ट घातला होता. मी त्यांच्यासाठी घेतलेला कुडता पलंगावर घडी केलेला राहिला. नवरा गाडी चालवत होता, शेजारी मी नकाशाचा प्रिंटआउट धरून, आणि मागे मुलीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, त्यांच्याही मागच्या सीटवर ताई. ती पुढे वाकून बाबांच्या कानाशी काहीतरी सांगत होती. आरशातून मला ते दिसत होतं.

दारात पाऊल टाकलं आणि बाबा थबकले. आतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. त्यांनी खोल श्वास घेतला. वेटर पुढे आला, वयस्कर, पांढऱ्या मिशांचा. बाबांनी त्याला बुएनास तार्देस म्हटलं. तो हसून स्पॅनिशमध्ये काही म्हणाला आणि बाबांनी त्याला स्पॅनिशमध्येच उत्तर दिलं. मग आणखी एक वाक्य. मग अडखळत, शब्द शोधत, बरीच वाक्यं. आम्ही सगळे उभे. माझ्या उभ्या आयुष्यात मी बाबांच्या तोंडून ती भाषा ऐकली नव्हती. बाबा हात हलवून बोलत होते, आणि त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला, तरुण. आई हातातली पर्स घट्ट धरून त्यांच्याकडे बघत होती.

पण तो माझा दिवस होता. मी ताईकडे बघितलं. काचेच्या इमारतीत हे झालं नसतं, हे तिलाही कळत असणार असं मला वाटलं. ताई शांतपणे खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसली. त्यांच्या दुसऱ्या बाजूला आई. मी समोर.

जेवण येत गेलं. भोपळ्याच्या फुलांची भाजी भरलेल्या छोट्या भाकऱ्या, निवडुंगाच्या पानांची कोशिंबीर, घेवडा. आई प्रत्येक पदार्थ आधी काट्यानं उलटा करून बघायची, मग खायची. भोपळ्याची फुलं तिनं दोनदा घेतली. मग मोले आलं, भाजलेल्या भोपळ्यावर ओतलेलं, वर तीळ. आईनं चाखलं आणि म्हणाली की आपल्या काळ्या मसाल्याच्या घरातलं आहे, फक्त मिरची जरा जास्त भाजलीय. बाबांनी घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"छान आहे," ते म्हणाले. दुसरा घास घेतला. "पण अंगानं जरा पातळ लागतंय."

वेटर जवळच होता. त्यानं चेहऱ्यावरून ओळखलं आणि समजावलं की मॅडमनी सांगितल्याप्रमाणे हे शाकाहारी केलंय, एरवी ते कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि टर्कीच्या मांसावर वाढतात.

बाबांनी मान डोलावली. "हां, तेच. टर्कीचा अर्क उतरतो ना त्यात."

हे ते मराठीत म्हणाले, स्वतःशीच म्हणावं तसं. ताईनं मान खाली घातली आणि तिच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. आईनं काटा ताटात ठेवला.

"तुम्हाला कसं माहीत?" आई म्हणाली.

नवरा पाणी प्यायला लागला. बाबा नॅपकिन उगाच नीट करत म्हणाले, "तिथे घरात एकच स्वयंपाक व्हायचा."

"वर्षभर?"

"सुरुवातीला नाही."

आई ताईकडे वळली. "तुला ठाऊक होतं."

ताईनं नाही म्हटलं नाही. तिनं हळू आवाजात सांगितलं की ती कॉलेजात असताना मैत्रिणीकडे पहिल्यांदा चिकन खाऊन आली होती. घाबरली होती, रात्रभर झोप नाही. सकाळी बाबांना जाऊन सांगितलं. तेव्हा बाबांनी तिला हे सांगितलं होतं, आणि आईला त्रास होईल म्हणून कुणाला बोलू नकोस म्हणाले होते.

टर्कीचं मला काय. मी स्वतः ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कितीदा चिकन खात असे, घरी आईला कळू देत नसे. पण ताईकडे वीस वर्षांहून अधिक काळ बाबांचं एक गुपित होतं. अंगणात ओंब्या भाजताना, आम्ही चॉकलेटला हसायचो आणि बाबा "उसळी आणि भाकरी" म्हणायचे, ते पुढच्या सुट्ट्यांमध्येही चालूच होतं. त्यातल्या किती वेळा ताई खरं माहीत असताना माझ्याबरोबर हसली असेल? ती घाबरून त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी तिला आपलं काहीतरी दिलं. मी कधी घाबरून त्यांच्याकडे गेलेच नव्हते. मी आईकडे जायचे, नाहीतर कुणाकडेच नाही.

आणि ही सगळी वाट मीच काढून दिली होती. काचेच्या इमारतीत बाबा ग्रिल्ड व्हेजिटेबल्स खाऊन गप्प बसले असते.

आईनं मला हाक मारली. "त्या माणसाला सांग, ह्यांच्यासाठी मूळचं घेऊन ये म्हणावं. टर्कीचं."

"कशाला आता?" बाबा म्हणाले.

"पंचाहत्तरी आहे. आण म्हणावं."

मी वेटरला सांगितलं. त्यानं आनंदानं मान हलवली, त्याला त्यातलं काय कळणार. ताट आलं. आईनं स्वतः ते बाबांसमोर सरकवलं. बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि खायला सुरुवात केली. आम्ही बघायचं नाही असं ठरवून इकडेतिकडे बघत होतो. माझी मुलगी मात्र सरळ त्यांच्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "आजोबा, इज इट गुड?"

"व्हेरी गुड," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मिरचीनंही असेल.

"तिच्या हातचं असंच होतं?" आईनं विचारलं.

"कुणाच्या?"

"घरमालकिणीच्या."

बाबांनी विचार केला. "ह्याहून तिखट होतं."

"हं," आई म्हणाली. मग तिनं शाकाहारी मोलेची वाटी पुढे ओढली आणि सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा आई चहा ठेवून उभी होती. मी तिच्या शेजारी कांदा चिरायला घेतला. तिनं चहात आलं किसून टाकलं. मग म्हणाली, "परत आले तेव्हा चांगले भरले होते अंगानं. उसळी खाऊन कुणी असं भरतं का? मला तेव्हाच शंका आली होती."

मी विचारलं, मग तू कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली की खाण्याचं तिला काही नव्हतं, परदेशात माणूस काय करणार. पण परत आल्यावर बाबा कित्येक महिने जेवताना कुठेतरी बघत बसायचे. ताटात काय आहे ह्याच्याकडे लक्ष नसायचं. "मला वाटायचं माझ्या हाताला चव नाही. चाळीस वर्षं मी ह्यांच्यासाठी मसाला भाजताना मनात त्या बाईशी भांडत आले." तिनं गॅस बारीक केला. "थोरलीला सांगितलं. मला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला तरी नव्हतं ना माहीत?"

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि माझ्या हातातली सुरी घेऊन उरलेला कांदा तिनं चिरला.

माझा हेवा त्यानं कमी झाला नाही. पण ह्या बाबतीत मी एकटी नव्हते, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं.

ताईचं विमान दुपारचं होतं. निघायच्या आधी ती आणि बाबा मागच्या पॅटिओवर बसले होते. काचेच्या दारातून दिसत होतं, ताईचा हात बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर, दोघंही हळू आवाजात बोलत होते. मी तीन कप चहा घेऊन बाहेर गेले. बाबा म्हणाले, बस. मी बसले. ताई उठून आत बॅग भरायला गेली. मला माहीत होतं ती मुद्दाम गेली, आणि त्याचाही मला राग आला, पण संधी होती. मी सरळ बोलून टाकलं. "बाबा, मीपण चिकन खाते. ऑफिसात."

मला वाटलं ते थांबतील, माझ्याकडे वळतील, काहीतरी सांगतील, जे कुणाला सांगितलेलं नाही.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला डबा असतो." आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आईला दिसेल. खाली ठेवत जा."

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. दिवाळीत नाशिकहून आत्याचा फोन आला. फराळाचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की दादा सगळ्यांना सांगत असतो, थोरलीनं अमेरिकेत काय सुंदर मेक्सिकन हॉटेलात नेलं, तिथे जुन्या दिवसांसारखं जेवण मिळालं. मी फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला.

बाबांनी उचलला. नेहमीप्रमाणे "बरी आहेस ना?" म्हणून ते आईला हाक मारायला लागले. मी म्हटलं थांबा, तुमच्याशीच बोलायचंय.

"बाबा, ते हॉटेल मी शोधलं होतं. ताईनं नाही."

"हो का?" ते म्हणाले. खरंच आश्चर्य वाटल्यासारखे. "मला वाटलं तिनंच. असेल, असेल. जेवण चांगलं होतं मात्र."

एवढंच. मला रडू येईल असं वाटलं, पण फोन ठेवायचा नव्हता. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की तुम्ही स्पॅनिश कुणाकडून शिकलात.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बाबा बोलायला लागले. तिथल्या शेतावर एक म्हातारा मजूर होता, तो रोज पहाटे त्यांच्याबरोबर वाफ्यांमधून चालायचा. त्याला इंग्रजी यायचं नाही, ह्यांना स्पॅनिश नाही. तो रोपाला हात लावून एकेक शब्द सांगायचा. एस्पिगा म्हणजे ओंबी. मग दाणा, मग मूळ, तांबेरा, पाऊस. बाबा म्हणाले की "मला भूक लागली" हे वाक्य त्यांना फार उशिरा आलं, त्याआधी गव्हाला होणारे सगळे रोग त्यांना स्पॅनिशमध्ये येत होते. हे सांगताना ते हसले. मागून आई विचारत होती, कोण आहे फोनवर. ते तिला म्हणाले, "धाकटी आहे. थांब जरा, आम्ही बोलतोय."

मी विचारलं, "ताईला माहीत आहे हे?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिनं कधी विचारलं नाही."

मग मी आणखी विचारत गेले आणि ते सांगत गेले. तो म्हातारा कसा दिसायचा, शेतावर दुपारी कुठे बसायचे, पाऊस कधी यायचा. बाहेर माझ्या मुलीला क्लासला सोडायची वेळ टळून गेली होती आणि ती दारात बूट घालून उभी होती. मी तिला हातानं थांब म्हटलं.

ताईशी माझं आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं. ह्यातलं मी तिला काही सांगितलेलं नाही.